नावाचा रिकामा चौकोन

फोन वाजला तेव्हा मी शिरीषच्या रिकाम्या खुर्चीवर तोंडसुख घेत होते. "याला वेळेवर यायला काय होतं?" असं पुटपुटतच रिसीव्हर उचलला, तर पलीकडे त्याची बायको, सुषमा. "नीलिमा, शिरीष गेला गं... चहा घेता घेता." महिना होत आला. त्या दिवशी त्याला ऐकवायची राहिलेली बोलणी अजून तशीच आहेत.

रबाळ्याच्या कंपनीत आम्ही दोघं एका टेबलावर काम करायचो. धड चाललेली नोकरी सोडून शिरवण्यात पिठाच्या गिरणीवर एक खोली घेतली आणि लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करायला बसलो. कुठल्या बाळाची कुठली लस कधी, हे कॉम्प्युटरने सांगायचं, म्हणजे आयांना रडती पोरं घेऊन ताटकळायला नको. प्रोग्रॅम मी लिहायचा, पडद्यावर काय कुठे दिसेल ते शिरीषने ठरवायचं. त्याची तऱ्हाच वेगळी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने पडदा आखायचा, कुणालाही समोर बसवायचं आणि म्हणायचं, "इथे बोट लावा. कॉम्प्युटर मी आहे." बोट लागलं की हा पुढचा कागद ठेवणार. समोरचा चुकला, अडखळला, तरी ओठ मिटून बसणार. मी मध्ये बोलले की डोळे वटारायचा. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हा निव्वळ छळ वाटायचा.

पहिला दवाखाना मिळाला करावे गावात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आठवडाभरात आमच्या मंदाला जमलं तर ठेवू, नाहीतर मशीन घेऊन जा. शिरीषने घरच्यांचा विरोध पत्करून नोकरी सोडलेली, आणि दुसरं गिऱ्हाईक नजरेच्या टप्प्यात नव्हतं. मंदा ही काउंटरवरची मुलगी, गावातलीच. पहिल्याच सकाळी साताऱ्याकडची एक ओली बाळंतीण तान्हं घेऊन आली. मंदाने नाव विचारलं. "बारसं व्हायचंय अजून," ती म्हणाली. नावाचा चौकोन रिकामा ठेवला की मशीन टुंग करायचं आणि पुढे सरकायचंच नाही. मंदाने वैतागून 'बाळ' लिहून टाकलं. पुढच्या तान्ह्यालाही तेच. दुपारपर्यंत पडद्यावर इतकी 'बाळं' झाली, की कुठलं कुणाचं ते कळेना. "नावच नाय ठेवलेलं, तं मी काय लिवू?" मंदा रडकुंडीला आली. इतक्या बारशांच्या घुगऱ्या खाल्लेली आम्ही दोघं, आणि एवढी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती.

खोलीवर परतल्यावर मी म्हटलं, "सोपं आहे. प्रत्येक बाळाला नंबर देऊ."

शिरीषने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या पोरीलाही नंबरच होता."

त्याची आणि सुषमाची मुलगी बारशाआधीच गेली होती. इस्पितळात तिच्या पायाला नंबराची पट्टी होती, तेवढीच तिची ओळख. पुढे त्यांना मूल झालं नाही. हे मला ठाऊक होतं. "आधी आईला विचारू," तो म्हणाला. "तिचं नाव, गाव, बाळाची जन्मतारीख. बाळाचं नाव ठेवलं की सांगेल ती."

मी सगळं नव्याने लिहिलं. आता पडद्यावर 'मंगलचं बाळ' असं उमटायचं आणि रिकाम्या चौकोनात फिकट अक्षरं दिसायची, 'नाव अजून ठेवायचंय'. टुंग बंद. मंदा आयांना बजावू लागली, "बारसा झाला का सांगा हां, नाव लिवायचं हाय." आठवडा संपला आणि डॉक्टरांनी मशीन ठेवून घेतलं. त्या दिवशी शिरीष रस्त्यात उभा राहून नुसता हसत होता... मला त्याची फार माया वाटली.

तेराव्यानंतर सुषमा त्याच्या वस्तू न्यायला आली. त्याच्या खुर्चीत बसली. "काय करायचा गं तो इथे? मला कधी दाखवलंच नाही." मी खोलीवरचं आमचं मशीन सुरू करून दिलं. तिने एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, जराशी थांबून एक जन्मतारीख लिहिली. 'सुषमाचं बाळ' उमटलं. पुढचा चौकोन रिकामा सोडला तरी चालतो, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ओठ मिटून घेतले आणि खिडकीकडे वळले. मागे कळा वाजल्या. वळून पाहिलं तर चौकोनात 'जुई'.

"आम्ही ठरवलं होतं," सुषमा म्हणाली.

आता रोज सकाळी मशीन लावलं की लस राहिलेल्या बाळांमध्ये सगळ्यात वर जुई असते, तिचीच तारीख सगळ्यात जुनी. एक कळ दाबली तर निघेल. मी दाबत नाही. शिरीषची लेक आहे, असू दे.