सालीपुरती कडक पिन

कानस पिनवरून नुसती घसरत होती. मऊ लोखंड असतं तर तिचे दात रुतले असते. मी पिन उचलून रेवणप्पांना दाखवली. "बघा मालक, काच झालीय काच!"

रेवणप्पा उमरग्याचे अडत व्यापारी. त्यांच्या आवारात माझं वर्कशॉप होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. निजामाच्या मुलखात लॉरीचे स्पेअरपार्ट मिळेनासे झाले होते, आणि अप्पांच्या लॉरीची किंगपिन झिजली होती. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं तो जाड खिळा. तो आतून मऊ हवा, नाहीतर धक्क्यानं तुटतो. वरून कडक हवा, नाहीतर झिजतो. त्यासाठी केस हार्डनिंग करतात.

मऊ लोखंडाची पिन डब्यात कोळशाच्या आणि जाळलेल्या हाडांच्या भुकटीत पुरायची, झाकण मातीनं लिंपायचं, डबा भट्टीत लालबुंद ठेवायचा. लोखंड वितळत नाही, घट्टच राहतं. तरी कोळशातल्या कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून आत सरकतात. भरल्या बाजारात माणूस खांदा तिरका करून वाट काढतो, तसे. जितकं खोल जावं तितकं काम रेंगाळतं. दुप्पट जाड थराला चौपट वेळ. हाडांनी ते बरंच लवकर होतं. मग पिन पाण्यात विझवली, की कार्बन शिरलेली साल कडक होते.

ह्या पिनेसाठी डब्यात भुकटी भरतानाच अप्पांनी अडवलं होतं. "श्रावण हाय, मिस्त्री. माझ्या आवारात हाडं जळायची न्हाईत."

"बरं मालक. नुसत्या कोळशावर करतो."

मग वेळ बराच जास्त लागेल, एवढंच पुढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. उद्या सकाळी गाडी रस्त्यावर, असं मी अडतीतल्या लोकांपुढं छाती काढून सांगून बसलो होतो. हाडं घालून जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यातच डबा उघडला. डब्यात त्याच लोखंडाचा एक तुकडा टाकायचा आणि तो तोडून थर किती गेला ते बघायचं, ही आमची रीत. तुकडा टाकला होता. कानस घसरली म्हणून तोडला नाही.

थोड्याच दिवसांत लॉरीचा ड्रायव्हर दस्तगीर आला. माझ्याच वयाचा. "मिस्त्री, गाडी मुंडी हलवतीय. पुढची चाकं डगडगत्यात."

"पिन काच हाय. तुझाच हात थरथरत असंल."

हमाल हसले. तो पुन्हा आला. "एकदा जॅकवर चढवून बघा की."

मी त्याच्यादेखत अप्पांना म्हणालो, "मालक, ह्याला आधी खड्डे चुकवायला शिकवा."

अप्पांनी त्याला दम दिला. पुन्हा कुरकुर केली तर दुसरा ड्रायव्हर बघीन, म्हणाले. दस्तगीरनं तशीच गाडी बाहेर काढली.

जळकोटच्या अलीकडं लॉरी रस्ता सोडून बांधावर आदळली. दस्तगीरचा हात मोडला.

पिन काढली, तर एका अंगानं खाल्लेली. तो तुकडा अजून फळीवरच पडला होता. व्हाइसमध्ये धरून घण घातला. कडेला कडक थराची बारीक करडी रेघ, कांद्याच्या सालीएवढी. आत सगळं मऊच.

तुकडा घेऊन मी दस्तगीरच्या घरी गेलो. हात बांबूच्या कामट्यांत बांधून तो ओसरीवर बसला होता. अप्पा आधीच आलेले. तुकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या नेमापायी झालं का हे, मिस्त्री?"

व्हय म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"न्हाय मालक. नुसत्या कोळशावरबी झालं असतं. म्या वेळ दिला न्हाय. वर ह्यांचं ऐकलं न्हाय."

दस्तगीरनं तुकडा डाव्या हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"अप्पा, तुमी हाडं नगं म्हणाला होता. शेवटी लागलीच की. माझी."

तो एकटाच हसला.

हात वाकडाच जुळला. स्टिअरिंग त्याला पुन्हा पेललं नाही. अप्पांनी त्याला गोदामावर राखणदार ठेवलं. वर्कशॉपला जायची वाट त्या दारावरूनच होती. तो रोज "सलाम, मिस्त्री" म्हणायचा. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसरी पिन नुसत्या कोळशावरच केली, पण पुरा वेळ देऊन. तुकडा तोडून बघितला, मगच बसवली. ती लॉरी विकेपर्यंत टिकली.

कानस वरची साल सांगते, खोली सांगत नाही. आणि गाडी मुंडी हलवतीय असं चालवणारा म्हणाला, तर आधी जॅक लावावा. बोलायचं ते नंतर बोलावं.