कडूबाईच्या पोटातल्या पेन्सिली

शाळेच्या कपाटातल्या पेन्सिली कमी व्हायला लागल्या, तेव्हा मी पहिला संशय घेतला तो पहिलीतल्या दीपिकावर. त्याची अजून लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

वालूरच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथल्या दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. पाटीवरच्या पेन्सिलींचे खोके मीच आणून ठेवते. दिवाळीनंतर ते भराभर रिकामे व्हायला लागले. दीपिका मधल्या सुट्टीत कपाटापाशी घुटमळायची. मी सगळ्या वर्गादेखत तिचं दप्तर उपडं केलं. एक फडकं, चार बोरं आणि पेन्सिलीचं एक थोटूक निघालं. पोरगी रडत घरी गेली ती दोन दिवस फिरकलीच नाही.

तिसऱ्या दिवशी खिचडी शिजवणारी कडूबाई पदराला हात पुसत वर्गाच्या दारात उभी राहिली. "रोहिणीबाई, त्या लेकराच्या दप्तरात काय बघायलात? माझ्या पोटात बघा."

मला कळेना. तिनं कमरेची पिशवी सोडून माझ्या हातावर झटकली. पांढरा भुगा आणि तीन अर्धवट पेन्सिली. "खाते मी. दुकानातल्या घेऊन खायचे, पर ह्या महिन्यात तुमच्या उचलल्या." त्याच संध्याकाळी ती दीपिकाच्या घरी गेली, तिच्या आईसमोर कबुली देऊन आली आणि सकाळी पोरीला हाताला धरून शाळेत घेऊन आली.

कडूबाई बेचाळीस-त्रेचाळीसची असेल. तिच्याआधीची तीन लेकरं गेली, म्हणून ही तरी राहावी या आशेनं आईनं तिला कडू नाव दिलं. लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत, आसारामसोबत, ती अकरा वर्षं ऊसतोडीला गेली. पहिल्या वेळी पोटुशी असताना तिकडंच, पाचटाच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलीची माती खायची सवय लागली. गावी आल्यावर मातीच्या जागी पेन्सिल आली. लेक झाली, मोठी झाली, सासरी गेली. पेन्सिल काही सुटली नाही. रोज सात-आठ. खिचडीचं काम मिळाल्यापासून तिचं उसाला जाणं थांबलं होतं. आसाराम एकटा जायचा.

माझी बहीण ज्ञानेश्वरी परभणीला नर्स आहे. तिनं डॉक्टर सिद्धोधन खिल्लारेंचं नाव सुचवलं. मनाचे आजार बघतात, आणि नको त्या खाण्याच्या सवयीवर संमोहनाचाही उपयोग करतात, असं ती म्हणाली. मी ते कडूबाईला सांगितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"म्हंजे मला भारणार?"

"भारणं नाही हो. उपचार आहे."

"माझ्या भावजयीला असंच उपचार म्हणून एका बाबाकडं नेलं होतं. भानामती झाली म्हनला. धूर दिला, केस उपटले. तवापासून ती कुनाशी धड बोलत न्हाई." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "अन् डोक्याच्या डाक्टरकडं कामून? मला येडी ठरवली की खिचडीचं काम दुसरीला. तुमच्या मनात कोन हाय ते सांगा की."

मी चिडले. पण चिडताना आठवलं, याच वर्गात मी एका सहा वर्षांच्या पोरीचं दप्तर उपडं केलं होतं. माझ्यावर तिनं का विश्वास ठेवावा?

शेवटी ती आली, पण जाऊबाईला, सुलाबाईला साक्षीला घेऊन. गळ्यातलं डोरलं घरी काढून नुसती काळी पोत घातली होती. एसटीत तिनं सुलाबाईला तीनदा बजावलं, "माझ्या तोंडून जे निघंल ते नीट ध्यानात ठेव. नंतर सगळं सांग मला."

डॉक्टरांनी त्या दिवशी काहीच केलं नाही. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सात निघालं. "अंगात लोह कमी असलं की माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटू शकते," ते म्हणाले. "आधी गोळ्या. तीन महिन्यांनी बघू."

बाहेर आल्यावर कडूबाई म्हणाली, "बगा. रगत काढून घेतलं अन् वाटंला लावलं. लोह म्हनं! मी काय पत्रा हाय?"

गोळ्या मात्र तिनं घेतल्या. रोज माझ्यासमोर घेत होती, कारण माझाही तिच्यावर भरवसा नव्हता. खोटं कशाला बोलू? मी संध्याकाळी घरी जाताना पेन्सिली मोजायची. एकदा तिनं खिडकीतून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, "मोजा. मलाबी तेवढाच धाक."

तीन महिन्यांनी रक्त साडेदहावर आलं. तिची खावखाव निम्म्यावर आली, पण सवय गेली नाही. भात टाकायच्या आधी आधण ठेवलं की पाणी उकळेपर्यंत हात रिकामा असतो. तेवढ्या वेळात तो हात आपोआप कमरेकडे जायचा.

आता डॉक्टर संमोहनाला तयार झाले. कडूबाईनं अट घातली : दार उघडं राहील, सुलाबाई आणि मी आत बसू. डॉक्टर लगेच हो म्हणाले. तेही तिला खटकलं. "इतक्या लवकर कसा काय मानला?" ती माझ्या कानात पुटपुटली. तिच्या उजव्या मुठीत टाचणी होती. गुंगी आली की टोचून घ्यायची म्हणून.

"तुम्हाला झोप लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माझं बोलणं ऐकू येईल, बाहेरचे ऑटो ऐकू येतील. सांगायचं नसेल ते सांगू नका. नको वाटलं तर उठून चला."

त्यांनी तिला श्वास मोजायला लावले. सुरुवातीला तिचा एक डोळा किलकिला होता. मग तोही मिटला. खांदे सैल झाले. डॉक्टर हळू आवाजात तिला तिच्याच चुलीपाशी घेऊन गेले. "आधण ठेवलंय. पाणी अजून उकळलं नाही. हात कमरेकडे निघालाय. त्याला अडवू नका, नुसतं बघा. आता तोच हात पोटावर ठेवा. तीन लांब श्वास घ्या. पोटाला विचारा, तुला काय पाहिजे?"

कडूबाईचा हात खरंच उचलला गेला आणि पोटावर टेकला. मूठ उघडली. टाचणी फरशीवर पडली, ते तिला कळलंही नाही. डॉक्टर तेच तेच पुन्हा सांगत राहिले : हात, पोट, श्वास, आणि मग चार भाजके फुटाणे.

डोळे उघडल्यावर ती आधी पोत चाचपून बघायला लागली. "मी जागीच होते," ती म्हणाली. "समदं ऐकू येत होतं. ह्याला कसलं संमोहन म्हनायचं?"

एसटीत बसल्यावर तिनं सुलाबाईला विचारलं, "मी काय बोलले?"

सुलाबाई खाली बघायला लागली. "मला काय ठाव? माझाच डोळा लागला."

"बगा बाई!" कडूबाई माझ्याकडे वळली. "हिलाबी भारलं त्यानं!"

पण त्या आठवड्यात तिच्या कमरेच्या पिशवीत फुटाणे आले. महिन्यात ती रोजच्या एका पेन्सिलीवर आली, मग एक दिवसाआड. डॉक्टरांकडे अजून दोनदा गेलो. दर वेळी ती दार उघडं आहे का ते आधी बघायची.

एप्रिलच्या शेवटी उसाची ट्रॉली उलटल्याचा आसारामचा फोन आला. पायाला मार लागला होता. त्या दिवशी कडूबाईनं दुकानातून अख्खा खोका आणला आणि चुलीपाशी बसून पाच पेन्सिली खाल्ल्या. माझ्यापासून लपवलं नाही. डॉक्टर आता हाकलून देतील, अशी तिची खात्री होती. पुढच्या खेपेला तिनं त्यांना ते सांगितलं, तर ते म्हणाले, "पाचवर कशा थांबलात?"

तिनं बराच विचार केला. "हात पोटावर गेला."

मग तिनं त्यांना सरळच विचारलं, "डाक्टर, इमानानं सांगा. गुन कशाचा आला? गोळ्यांचा, फुटान्याचा का तुमच्या बोलन्याचा?"

"नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "गोळ्यांचा वाटा मोठा असावा. माझ्या बोलण्याचा किती, ते मलाही मोजता येत नाही."

कडूबाईच्या भावजयीला धूर देणाऱ्या बाबाला सगळं ठाऊक होतं. मला ठाऊक नाही, असं म्हणणारा माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटला होता.

आता पोळा जवळ आलाय. जूनपासून तिनं पेन्सिल तोंडात घातलेली नाही, असं ती सांगते. मी मोजणं सोडलंय, पण कधीकधी नजर कपाटाकडे जाते. तिचाही संशय फिटलेला नाही. काल भात ढवळता ढवळता म्हणाली, "मानूस चांगला दिसतो. पर माझ्या डोक्यात त्यो काय ठेवून गेला, ते काय अजून कळंना."

"मग पुढच्या सोमवारी जायचं नाही का?"

"जानार की. तुमी नका येऊ पर. सुलाबाईबी नको, ती झोपते," ती म्हणाली, आणि पोरांना ताटं मांडायला हाक मारली.