आठव्या दिवसाचं नाव

अलिबाग सोडलं तेव्हा नुकतं झुंजूमुंजू झालं होतं. गाडीत शेजारी एझराभाऊ, आमचे मोहेल (सुंता करणारे). छत्रपती संभाजीनगरला माझ्या मुलाला, रूबेनला, मुलगा झाला होता आणि आज आठवा दिवस. आम्हा बेने इस्रायलांत आठव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत सुंता करतात आणि तेव्हाच नाव ठेवतात. आमच्या बाळाला पणजोबांचं नाव, सॅमसन, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पुण्याच्या पुढं चहाला थांबलो तर रूबेनचा फोन. "पप्पा, नाव एदेर ठेवतोय."

"हे कसलं नाव?"

एझराभाऊ चहा बशीत ओतत म्हणाले, "जुनं हिब्रू नाव आहे. शास्त्रात लेव्यांच्या, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांच्या, यादीत येतं. अर्थ कळप, मेंढरांचा. मी तर उभ्या आयुष्यात कुणाचं ठेवलेलं नाही."

"कळप? पोर आहे की गुरंढोरं?" माझं डोकंच फिरलं. फोनवर ओरडलो, "ते नाव ठेवलंस तर मी बाळाला मांडीवर घेणार नाही!" सुंतेच्या वेळी बाळ आजोबांच्या मांडीवर असतं, आमच्या घरात हा मान कधी चुकलेला नाही. रूबेननं फोन ठेवला.

ती तिरीमिरी पैठणपर्यंत उतरली नाही; तिथून सरळ जायचं सोडून मी चुकून उजवीकडं वळलो आणि पाचोडच्या आठवडी बाजारात जाऊन अडकलो. एझराभाऊंनी गरम भजी घेतली. मी घड्याळ बघत होतो.

बाजारातून सुटलो तर पुढं रस्ताभर मेंढरं. तीन वाजून गेले होते. हॉर्न वाजवून दमलो, मग कडेनं गाडी घातली आणि चाक काळ्या मातीत रुतलं. झालं!

एक म्हातारा धनगर काठी टेकत आला. "कशाला वाजवता, दादा? मेंढी व्याली हाय. कोकरू उभं ऱ्हायलं की निघू."

"एका कोकरासाठी सगळी मेंढरं अडवलीत?"

"व्हय. एकटं टाकून जावं का त्याला?" मग माझ्याकडं बघून, "लई घाई हाय जनू?"

"नातवाचं नाव ठेवायचंय. दिवस मावळायच्या आत."

"मग आधी सांगायचं नाय का! ए, या रं समदे हिकडं!" त्याच्यासोबतच्या बायाबाप्यांनी मिळून गाडी ढकलून काढली. निघताना त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "नाव काय ठेवनार?"

मी हात जोडले आणि गाडी पुढं काढली.

गारखेड्यात रूबेनच्या घरी पोचलो तेव्हा ऊन गच्चीवरच्या टाक्यांपाशी गेलं होतं. दारात चपलांचा ढीग. खालच्या मजल्यावरच्या शीलाताईंनी एलियाहू हन्नबीसाठी (प्रेषितासाठी रिकामी ठेवतात ती) आपली सागवानी खुर्ची वर आणली होती. त्यांच्या घरची, शेजारची, सगळी दाटीवाटीनं उभी होती.

रूबेन हळूच म्हणाला, "पप्पा, या शहरात आपल्या समाजाचं एकही घर नाही. पोर एकटं पडू नये, म्हणून हे नाव."

मला ते कोकरू आठवलं. मी बसलो, मांडी पसरली. "दे इकडं."

एझराभाऊंचे हात झरझर चालले. बाळानं टाहो फोडला. "नाव?" त्यांनी विचारलं. रूबेननं माझ्याकडं बघितलं.

"एदेर," मीच म्हणालो.

दोन दिवसांनी परतताना मुद्दाम पाचोडवरून गाडी घेतली. एझराभाऊंनी कपाळाला हात लावला. मेंढरं आणि तो म्हातारा कधीच पुढं गेले होते. कडेच्या मातीत माझ्या चाकाचा खड्डा तेवढा होता. तिथं थांबलो, काच खाली केली.

"एदेर ठेवलं, बाबा," मी रिकाम्या रस्त्याला सांगितलं.