गोळ्या घरी ठेवून भामरागडला

जानेवारीत नागपूरहून निघालो तेव्हा पिशवीत योगाची चटई होती. गोळ्या मात्र मुद्दाम घरी ठेवल्या होत्या. नैराश्यासाठी त्या वर्षभर घेत होतो. डॉक्टर म्हणाले होते, "औषधांसोबत योगही करून बघा." त्यातला 'सोबत' हा शब्द मी सोयीने गाळला. भामरागडकडच्या एका उपकेंद्रात माझी मावसबहीण सुनंदाताई नर्स आहे. रोज सकाळी ती गावातल्या बायकांकडून आसनं करून घेते. आठ दिवस तिच्याकडे राहायचं आणि बरं होऊन परतायचं, असा माझा बेत. बायकोला, प्राजक्ताला, गोळ्यांचं काही बोललो नाही.

चंद्रपूरला उतरून तर्रीपोहे मागवले आणि अर्धे टाकून उठलो. जुना परकोट निवांत पाहण्यासारखा आहे, पण मी दहा मिनिटांत परत स्टँडवर. तुम्ही जाणार असाल तर मुक्काम गडचिरोलीला करा, भामरागडची एसटी सकाळी गाठावी लागते. शिवाय हिवाळ्यातच जा, पावसाळ्यात नदी पुलावर चढली की रस्ता बंद.

आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंनी साग. शेजारचे आजोबा माझ्या थरथरत्या पायाकडे पाहत होते.

"काऊन एवढा हलून राह्यला भाऊ? उतराचं आहे का?"

"नाही काका."

"मंग बस ना बाप्पा चुपचाप."

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पाय थांबला नाही.

पहिल्या सकाळी उपकेंद्राच्या अंगणात पाच बायकांमागे चटई टाकली. सूर्यनमस्कार बरे झाले. शवासनात डोळे मिटले आणि आत जे दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. तरी पडून राहिलो. तिसऱ्या सकाळी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. उगाच रडू येत होतं. मी चटई सोडून सरळ नदीच्या वाटेला लागलो. इतका भराभर चाललो, की ताईला अक्षरशः धावत यावं लागलं.

"गोळ्या कुठी आहेत तुझ्या?" तिने दम खात विचारलं.

"घरी."

"काऊन?"

"आता योग करतोय ना ताई. किती दिवस त्या गोळ्यांवर जगायचं?"

ती चिडेल असं वाटलं होतं. ती वाळूत बसली, मला ओढून बसवलं.

"मी चार वर्षांपासून घेऊन राह्यली," ती म्हणाली. "योग शिकवते अन् गोळीबी घेते. तुह्या मावशीलेबी ठाऊक नाई."

घरात सगळ्यांची आजारपणं काढणारी ही बाई.

रेंज मिळाली तिथून तिने माझ्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या अशा एकाएकी सोडायच्या नसतात, आजच सुरू करा, म्हणाले. माझी गोळी तिथे मिळेना, म्हणून ताई रजा टाकून माझ्यासोबत गडचिरोलीपर्यंत आली. एसटीच्या त्या पाच तासांत मी तीनदा जागा बदलली, दर वेळी ती मुकाट्याने माझ्या मागे आली. चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांनी पाठवला होता, तो दाखवून गोळ्या घेतल्या. दुकानासमोरच पहिली गिळली.

"डोळे मिटून पडणं तुले सध्या झेपत नाई," स्टँडवर ती म्हणाली. "उभ्यानं कर. डोळे उघडे ठेव. श्वास मोजत चाल. तेबी योगच आहे."

घरी येऊन प्राजक्ताला सगळं सांगितलं. ती दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर चालत होतो, तेव्हा येऊन सोबत चालायला लागली.

आता महिना झाला. गोळ्या चालू आहेत, कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच. सकाळी पंधरा मिनिटं उभ्याची आसनं करतो, कधी तीही होत नाहीत. अस्वस्थपणा गेला असं म्हणणार नाही. त्याच्यासोबत दिवस काढता येतो, इतकं कळलंय. हे लिहू का, असं ताईला विचारलं होतं. "नाव बदल अन् लिही," म्हणाली.

दर रविवारी तिला फोन करतो. काल म्हणाली, "आज काहीच नाई केलं रे. मन लागत नव्हतं. नुसती अंगणात बसून आहे."

"बसून राहा," मी म्हणालो. "मी फोनवर आहे."