क्रोशाचं कव्हर

लतिका मेहेर कधीच शिक्षिका नव्हत्या. विरारच्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या आणि पोरांनी कीबोर्डमध्ये कोंबलेलं च्युइंगम उकरून काढायचं, एवढंच त्यांचं काम. पण खरे शिक्षक बदलून जात राहिले आणि या तेवीस वर्षं तिथंच राहिल्या, म्हणून सगळे त्यांना ‘लतिका टीचर’ म्हणू लागले. निवृत्तीनंतर किल्ल्या परत कराव्या लागल्या, नाव मात्र कुणी परत मागितलं नाही.

त्यांच्या पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक मऊ ब्रश आणि पेन्सिलीचं साधं खोडरबर असायचं. आपल्याकडची हवा खारी. मशीनमधल्या मेमरीच्या पट्टीवर तिचा थर चढतो आणि मशीन उठेनासं होतं. टीचर ती पट्टी काढून खोडरबरानं हलकेच घासायच्या, की निम्मी दुखणी बरी. उरलेल्या निम्म्यांबद्दल त्या जे बोलायच्या ते ऐकायला छाती लागायची. एका गृहस्थांना त्यांनी चहाचा कप हातात असतानाच सांगितलं होतं, “हे गेलंय. रडायचं तर आत्ताच रडून घ्या, उगाच आशेवर राहू नका.” मशीनबद्दल खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. लोक त्यांना फटकळ म्हणत आणि बोलावतही त्यांनाच.

सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान विलास गेले. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार होता, त्यावर औषध नव्हतं. त्यानंतर कधीतरी टीचरना कळलं, की अशा आजारांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची गणितं इतकी अवाढव्य असतात, की ती तुकडे करून जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरना वाटली जातात. आपलं मशीन रिकामं असलं की एक तुकडा मागवून घेतं, सोडवतं आणि परत पाठवतं. पैसे कुणी देत नाही, मागतही नाही. त्यांनी घरचं मशीन त्या कामाला लावलं. वसई-विरारमध्ये असं करणारी आणखी पंधरा-वीस घरं निघाली. त्यांची मशीन अडली की टीचर पिशवी उचलून जायच्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्याच एका घरातून, वसईच्या पाचूबंदरहून, तेरेसाचा फोन आला. मशीन मधेच आपोआप बंद पडत होतं.

तेरेसाचा मुलगा केल्विन रक्ताच्या आजारानं चोविसाव्या वर्षी गेला होता. आजारपणात त्यानंच आपलं मशीन या कामाला लावलं होतं, स्वतःच्या नावानं. तो गेला, तरी आईनं ते बंद केलं नाही. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. रोज सकाळी बाजारात मासळी घेऊन जाण्याआधी ती पडद्यासमोर उभी राहायची. कामाची हिरवी पट्टी भरत शंभरावर पोचली, की आज केल्विननं कुणासाठी तरी एक काम केलं, असं म्हणून छातीवर क्रूसाची खूण करायची. त्या एका पट्टीवर ती बाई दिवस ढकलत होती, हे टीचरना चांगलं ठाऊक होतं.

बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. आत येशूच्या वेदीच्या शेजारी टेबलावर मशीन होतं आणि त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरंशुभ्र क्रोशाचं कव्हर. कडेला निळी फुलं, मधोमध क्रूस. विणकाम इतकं घट्ट, की सुईचं टोकही शिरू नये.

टीचरनी कव्हर उचललं आणि हात मागे घेतला. पत्रा चटका बसेल इतका तापला होता. मशीनच्या पंख्यात दोऱ्यांचा आणि धुळीचा बोळा अडकला होता. तो साफ करून त्यांनी मोबाईलवर त्या कामाच्या वेबसाइटवरचं केल्विनच्या नावाचं पान उघडलं. ही बाजू तेरेसाला घरच्या पडद्यावर कधीच दिसत नव्हती. तिथं प्रत्येक काम दोन वेगवेगळ्या घरांतल्या मशीनना दिलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर मान्य, नाहीतर तपासून चुकलेलं उत्तर बाद. केल्विनच्या नावापुढे ओळीनं बाद, बाद, बाद लिहिलं होतं. तापलेलं मशीन गणित चुकत होतं, पट्टी मात्र दर वेळी शंभर दाखवत होती. टीचर बोटानं पान खाली सरकवत गेल्या. शेवटचं मान्य काम सतरा मार्चचं होतं.

“तेरेसा, हे कव्हर कधीपासून घालतेस?”

“केल्विनला वर्स झाला, चर्चमदी त्याचा मिस्सा झाला, त्या दिशी घातला. सतरा मार्च. तीन म्हयने विनत व्हते मी. त्याच्या वस्तूवर धूल बसाची, मना बघवत नव्हता.”

टीचर खाली बसल्या. पंखा जुना झाला होता, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पंखा खरंच जुना होता. कव्हर जरा काढून ठेव म्हणायचं आणि निघायचं. इतकी वर्षं लोकांना तोंडावर सांगणाऱ्या या बाईला त्या दिवशी खरं सांगवेना, आणि निम्मं सांगून निघताही येईना. कारण असलं निम्मं खरं त्यांनी आयुष्यात एकदा सांगितलं होतं.

डॉक्टरांनी विलासचा आजार आधी त्यांनाच सांगितला होता. घरी येऊन त्या म्हणाल्या, “अशक्तपणा आहे, वेळ लागेल.” अशक्तपणा होताच की! विलास आणि अर्नाळ्याचा त्यांचा धाकटा भाऊ शांताराम यांच्यात आईच्या बाराव्याला एका शब्दावरून अबोला झाला होता. विलास दर रविवारी म्हणायचे, बरा झालो की अर्नाळ्याला जाऊ. बघता बघता त्यांचे पाय गेले, मग वाचा गेली. शांताराम आला तेव्हा भावाला नुसतं बघता येत होतं. तेव्हापासून टीचर मशीनबद्दल खोटं बोलत नव्हत्या. माणसांबद्दलचं ते एक खोटं मात्र त्यांनी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

“तेरेसा, बस इथं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. तारीख सांगितली, कव्हरचंही सांगितलं.

तेरेसानं मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला. “म्हंजे आठ म्हयने माजा पोर नुसता तापत व्हता? नि मीच त्याला झाकून ठेवला?”

टीचरना रडू आवरेना. दुसऱ्याच्या घरी येऊन आपण रडावं याचा त्यांना रागही आला.

“मंग ती कामा?” तेरेसानं विचारलं. “तशीच रायली?”

“नाही. बाद झालेलं काम लगेच तिसऱ्या कुणाला तरी जातं. ती सगळी झाली असतील. कुणी केली, ते मी सांगू शकत नाही. कुठल्या देशात, कुणाच्या घरी, कोण जाणे.”

तेरेसा उठली, वेदीजवळ गेली. पाठमोरीच बोलू लागली. “केल्विन गेला तवा घरात नऊ दिस रोझरीची प्रार्थना झाली. माज्या तोंडातून एक शब्द फुटला नाय. गल्लीतल्या बायांनी म्हटली, माज्या वाटची पन. तवा फादर बोलले, तुजी पन झाली.” मग ती वळली. “आता माज्या पोराचा मशीन ठीक करा, टीचर. कोनाचा तरी बाद झालेला काम आपन करू.”

टीचरनी मेमरीची पट्टी घासली, दुकानातून नवा पंखा आणून बसवला, मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. तेरेसानं कव्हरची घडी घातली आणि केल्विनच्या खुर्चीवर ठेवली. मशीननं मागवलेलं नवं काम पूर्ण व्हायला दीड दिवस लागणार होता. निघताना तिनं टीचरचा हात धरला. “तुमी मना फशिवला असता तर मना कललाच नसता. का नाय फशिवला?”

टीचरनी तिला विलासची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली.

तेरेसानं सगळं ऐकून घेतलं. “नि त्या भावाला ठाव हाय?”

“नाही.”

“मना तर सांगितला,” तेरेसा म्हणाली. तिच्या आवाजात ठपका नव्हता, पण टीचरना ते शब्द लागायचे तसे लागले.

तिसऱ्या दिवशी केल्विनच्या नावापुढे ‘मान्य’ उमटलं. टीचरनी तेरेसाला फोन करून ते वाचून दाखवलं आणि विरार स्टेशनवरून अर्नाळ्याची बस धरली.

शांताराम किनाऱ्यावर जाळं पसरून शिवत बसला होता. वहिनीला बघून उठला, बसायला रिकामी पेटी दिली, पाणी मागवू लागला. “पाणी नको, भावजी,” त्या म्हणाल्या. “आधी ऐका. ह्यांना आजार ठाऊकच नव्हता. मी सांगितला नाही. बरे झाल्यावर तुमच्याकडे यायचं, असं शेवटपर्यंत म्हणत होते. ‘शांतारामला कळवू नकोस, एकदम जाऊन दारात उभा राहीन’ म्हणायचे.”

शांतारामच्या हातातली सुई जाळ्यातच राहिली. साठीला टेकलेला माणूस, पण त्याचे ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले.

“म्हंजे दादा येनार व्हता?”

“हो.”

“आमी समजलो, मरनार ठाव असून पन त्यानं बोलावला नाय. घरात त्याचा नाव घेत नाय कोनी. पोरांना पन मी तेच सांगितलाय.” त्यानं डोळे पुसले नाहीत. वहिनीकडे बघितलंही नाही. “लय उशीर केलास, वयनी.”

“हो,” लतिका म्हणाल्या. सबब त्यांच्याकडे होती, पण ती त्यांनी काढली नाही.

शांतारामनं जाळं तसंच टाकलं आणि घराच्या दिशेनं दोन पावलं गेला. मग थांबून म्हणाला, “चल घरी. मना एकट्याला नको सांगू. सगल्यांच्या समोर सांग.”

लतिका उठल्या, वाळूतून त्याच्या मागे चालू लागल्या.