चित्रात नसलेला धुरकरी

माझा मोठा भाऊ उकंडराव कुणाच्याही घरी गेला की आधी भिंती बघायचा. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत तेव्हा बऱ्याच घरांत बैलजोडीचं चित्र असे. कुठे चिताऱ्यानं रंगवलेलं, कुठे कॅलेंडरवरचं. दादा त्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि घरधन्याच्या तोंडावर चिताऱ्याचा उद्धार करायचा. "हे बैल पळून राह्यले का चिखलात फसले? अन् धुरकऱ्याच्या हाती तुतारी काहून देली? म्या कधी तुतारी धरली?" घरधनी म्हणायचा, अरे बाबा, हे तुझं चित्र नाही. दादा म्हणायचा, "मंग कोनाचं हाय? पटात माह्यासारखा दुसरा हाय कोन?" नम्रपणा नावाची गोष्ट त्याच्या अंगात नव्हती, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कारण खरंच दुसरा कुणी नव्हता. हिवाळ्यात पीक निघू लागलं की आमच्याकडे शंकरपट भरतात. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे आणि सरळ धावेवर वाऱ्यासारखे सोडायचे. छकड्यावर बसून जोडी हाकतो तो धुरकरी. दादा गावचे मोठे शेतकरी बापूसाहेब यांची जोडी हाकायचा. बैलांची नावं मोत्या आणि पाखऱ्या. टोचणीची काठी म्हणजे तुतारी, ती तो जवळ ठेवतच नसे. नुसता कासरा आणि तोंडानं काढलेला एक आवाज. बाभुळगावाकडचे लोक केवळ तो आवाज ऐकायला पटाला येत.

पण जोडी जिंकली की भोंग्यावरून काय पुकारत? बापूसाहेबांचं नाव, मग मोत्याचं, मग पाखऱ्याचं. छकड्यावर जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाचं नाव नाही. रीतच नव्हती तशी. बैलांना नाव होतं आणि माझ्या भावाला नव्हतं, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मग फोटो काढायचा. बापूसाहेब छकड्यावर चढून कासरा हातात घेत आणि दादाला म्हणत, "उकंड्या, तू बाजूला हो जरा." तो कासरा त्यांनी आयुष्यात तेवढ्याच वेळा धरला असेल. असे चार-पाच फोटो त्यांच्या ओसरीत लागले होते. एका फोटोत कडेला दादाचं कोपर दिसत असे. तो हसून म्हणायचा, "शांते, कोपर तं मायंच हाय नं. पुढच्या साली खांदा येईन."

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. तोपर्यंत पटाच्या आधी मारुतीचा नारळ फुटे आणि खोबऱ्याचा तुकडा दादाच्या ओंजळीत वरून टाकत, हाताला हात लागू नये म्हणून. त्या हिवाळ्यात दादानं ओंजळ पुढे केलीच नाही. बापूसाहेबांना सगळ्यांसमोर म्हणाला, "मालक, आता देवाचं मले काई नको. पन तुमच्या मनानं द्याचंच असन, तं हातात द्या. वरून फेकाले मी काई कावळा नाई." जोडी जुंपलेली होती आणि ती दुसऱ्या कुणाला जुमानत नव्हती. बापूसाहेबांनी तुकडा हातात दिला. त्या दिवशी जोडी जिंकली, पण बापूसाहेब मनात धरून बसले. अशी माणसं नारळ विसरतील, हात लागल्याचं विसरत नाहीत.

पुढे दोन-तीन वर्षांनी नागपूरचा एक कॅमेरावाला पटाला आला. त्यानं कुणाला उभं करून फोटो काढले नाहीत. धावेच्या कडेला पोटावर पडून त्यानं पळती जोडी टिपली. बैलांचे पाय जमिनीपासून सुटलेले, दादा पुढे झुकलेला, तोंड उघडं, कासरा ताणलेला. तो फोटो त्यानं यवतमाळच्या एका स्टुडिओत दाखवायला ठेवला. मी तेव्हा तिथे शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. दादाला घेऊन गेले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं एका चित्राला शिवी दिली नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "हा मी हाय." आम्ही प्रत मागायला गेलो तोवर बापूसाहेबांनी फोटो आणि त्याची निगेटिव्हची काच दोन्ही उचलून नेलं होतं.

मग त्यांच्या मुलाचं, विनायकचं लग्न निघालं. कपाट हलवायला दादाला बोलावलं, म्हणून तो पहिल्यांदा त्यांच्या बैठकीच्या खोलीत गेला. समोर भिंतभर तैलचित्र. त्याच फोटोवरून पेंटरकडून करून घेतलेलं. तेच बैल, तोच ताणलेला कासरा, डाव्या हाताची तीच अर्धी करंगळी. दादाची करंगळी लहानपणी अडकित्त्यात गेली होती. पेंटरनं ती इमानदारीनं काढली होती. आणि वर डोकं विनायकचं. केस विंचरलेले, मिशी कोरलेली. पाहुणे नवरदेवाची पाठ थोपटत होते. दादानं कपाट जागेवर ठेवलं, घरी आला आणि आईला म्हणाला, "माह्या धडावर त्यायनं पोट्ट्याचं मुंडकं बसवलं, माय. मी जित्ता असून."

आई म्हणाली, जाऊ दे, मोठ्याचं घर आहे. जाऊ दे, जाऊ दे म्हणत आमच्या पिढ्या गेल्या. दादा म्हणाला, "जाऊ देनं मले येत नाई. मले जोडी हाकनं येते."

त्या हिवाळ्यातल्या पटाला विनायकचे सासरचे लोक खुर्च्या मांडून बसले होते. जोडी धावेच्या तोंडाशी आली. चार गडी बैलांना धरून होते. भोंग्यावरून नावं पुकारली आणि दादा छकड्यावरून उतरला. कासरा छकड्यावर टाकून सरळ खुर्च्यांकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इनायकराव, चला. चित्रातले धुरकरी तुमी हा. बसा."

विनायक खुर्चीतून हलला नाही. नव्या सासऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. बापूसाहेब ओरडले, "उकंड्या, मुकाट्यानं बस." दादा म्हणाला, "मी कोठी हाव चित्रात? जो हाय त्याले बसवा नं." एवढ्यात बैल गड्यांच्या हातून सुटले. रिकामा छकडा घेऊन अर्ध्या धावेपर्यंत गेले आणि बाजूच्या तुरीत शिरून चरायला लागले. माणसं पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसताना रडू आलं, कारण दादा हसत नव्हता. तो त्या बैलांकडे बघत होता. आपण काय सोडून दिलं, ते त्याला तेव्हाच कळलं होतं.

नंतर दुसरे मालक आले. उमरखेडहूनसुद्धा एक आले. दादाची अट एकच. भोंग्यावर बैलांबरोबर माझंही नाव पुकारा, आणि उकंड्या नाही, उकंडराव. सगळे हसले. धुरकऱ्याचं नाव कुठे पुकारतात का? एकानंही मान्य केलं नाही. काय झिजलं असतं त्यांच्या भोंग्याचं? पण नाही. विदर्भातला सगळ्यात चांगला धुरकरी पुढे जिनिंगवर कापसाच्या गाड्या हाकत राहिला. मी नोकरीला लागल्यावर त्याला फोटो काढायला स्टुडिओत नेलं. फोटोवाला म्हणाला, हात गुडघ्यांवर ठेवा. दादानं रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि उठला. "कासरा नाई तं हा मी नाई. चाल शांते."

काही वर्षांनी तो काविळीनं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

तेराव्या दिवशी विनायक आला. त्याच्या गड्यानं चादरीत गुंडाळलेलं ते चित्र आमच्या ओसरीत टेकवलं. विनायक म्हणाला, "बाई, तुमच्याकडे फोटो नाही असं कळलं. हे ठेवा. शेवटी उकंडरावच आहेत यात." आयुष्यभर त्या घराच्या तोंडून 'राव' निघालं नव्हतं. ते निघायला माझा भाऊ मरावा लागला.

मी म्हटलं, "ठेवते. पन मान कुठून कापू, तेवढं दाखवून द्या."

तो उठून गेला. मी आतून विळा आणला आणि कापडावर गळपट्टीच्या वरून चालवला. ते चित्र आमच्या घरात अजून लावलेलं आहे. येणारे विचारतात, "बाई, याचं डोकं कुठं हाय?" मी सांगते, ज्याचं होतं त्याच्या घरी त्याच दिवशी पोचतं केलं.