कोमलची इर्जिक

माझी कोमल पुण्यात हॉटेल-बुकिंगच्या एका कंपनीत नोकरीला होती. कंपनीची कोणती माहिती कुठे साठवली आहे, तिचा अर्थ काय, हे एका जागी सापडावं म्हणून त्यांना डेटा कॅटलॉग हवा होता. तो विकत घ्यायचा की फुकट मिळणारा ओपन सोर्स वापरायचा, हे कोमलने ठरवायचं होतं. फसलं तर नोकरी जाईल, ही धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त.

तिने ओपन सोर्स निवडलं. कार्ला गावात वाढलेली पोर. भातलावणीची इर्जिक लहानपणापासून पाहिलेली: आज सारी आळी आपल्या खाचरात, उद्या आपण त्यांच्या.

"आबा, हेही तसंच," ती वडिलांना म्हणाली. "जगभरातली माणसं मिळून हे सॉफ्टवेअर बनवतात. आमच्याकडे प्रत्येक विभाग आपापली माहिती भरेल."

"आन् न्हाई आलं कुनी तर?"

"येतील की."

"इर्जिकीला मटान घालावं लागतं, बाई. तुज्या हापिसात कोन रांधनार?"

आम्ही सगळे हसलो. तीही.

कुणी आलं नाही. ज्याला त्याला आपलं काम. "कोमल आहे ना, भरेल ती." मग तीच भरत बसली, जेवतानासुद्धा लॅपटॉप उघडा.

"साहेबांना सांग ना," मी म्हणायची.

"आई, इर्जिकीला कुणाला दारातून ओढून आणतात का?"

मग ती तापाने अंथरुणाला खिळली आणि त्याच आठवड्यात कॅटलॉग बंद पडला. दुरुस्त करणारं दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी विकतचा घेतला. सांभाळायला विकणाऱ्यांचीच माणसं. कोमलने लिहिलेलं सगळं उचलून त्यात घातलं आणि तिला सांगितलं, आता या कामाला माणूस लागणार नाही.

निरोपाला केक कापला. हिशेब विभागातली सविता म्हणाली, "तुझ्यामुळे आमचं काम किती सोपं झालं गं!" कोमलने हे मला हसत हसत सांगितलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

काल दुसऱ्या कंपनीची मुलाखत झाली, फोनवरच. तिथेही हाच प्रश्न आला, विकतचं की ओपन सोर्स. मी शेजारी मेथी निवडत होते.

"विकतचंच घ्यावं, सर," ती म्हणाली. "लोक आपणहून येतील असं धरून चालू नये."

आबा दारात उभे होते. चपला घालून बाहेर गेले.

आज संध्याकाळी कळलं, नोकरी मिळाली. मी देवापुढे साखर ठेवायला गेले आणि वाटी हातात धरून तिथेच बसून राहिले.